दिव्यावरची टिकली

परवा तुमची तेरवी झाली आणि काल सकाळीच एक माणूस गाडी पाहायला आला. तोंडाने तो तुमच्याबद्दल फार चांगलं बोलला, पण डोळे सगळा वेळ फाटकाजवळच्या गाडीवर होते. मध्येच उठून त्याने टायर पायाने दाबून पाहिला, बोनेटवर थाप मारली आणि म्हणाला, बाई, आता एकट्या जिवाला एवढी गाडी काय कामाची. मी त्याला चहा दिला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. तेरवीची भांडी अजून पालथी पडलेली असताना जो गाडीचा भाव काढायला येतो, त्याच्या मनात काय असेल ते मला कळतं. तुम्ही असता तर हसून म्हणाला असता की हिला सगळेच चोर दिसतात. दिसतात खरे. आणि निम्मे तर निघतातही.

तो गेल्यावर मी गाडीत जाऊन बसले. किल्ली अर्धी फिरवली. इंजिन सुरू केलं नाही, नुसता तो लाल दिवा लागला, वेग आणि पेट्रोल दाखवणाऱ्या काट्यांच्या खाली, वाटाण्याएवढा. त्याच्याकडे पाहत बराच वेळ बसले आणि तुमचा राग आला. माणूस गेल्यावर रडू येतं, मलाही आलं, पण रागही येतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे. खरं तर ते कधी सुरूच झालं नाही. हा दिवा तुम्हाला दिसेनासा झाला होता आणि तुम्ही ते माझ्यापासून लपवलंत, मला शेजारी बसवून गाडी चालवत राहिलात. मी माझ्या पद्धतीने ते शोधून काढलं. तुम्हाला पकडलं. पण पकडल्यावर जे विचारायचं असतं ते विचारलं नाही आणि तुम्हीही आपण होऊन सांगितलं नाही. इतकी वर्षं आपण दोघं त्या गोष्टीला वळसा घालून चालत राहिलो. आता विचारायला समोर कोणी नाही, म्हणून लिहिते आहे.

माझा स्वभाव संशयी आहे हे लग्न ठरवताना तुम्हाला कोणी सांगितलं नाही, ही माझ्या माहेरच्यांची लबाडी. पण तुम्हाला ते लौकरच कळलं. तेलाच्या बाटलीला मी पेन्सिलीची रेघ मारून ठेवत असे. दूधवाल्याच्या मापाखाली बोट घालून बूड आत ठोकलेलं नाही ना ते पाहत असे. तुम्ही मला सीआयडी म्हणायला लागलात, ते मी शिकवायची त्या शाळेतल्या पोरींच्या आईबापांसमोरसुद्धा. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. घरात एक भोळा असला की दुसऱ्याला डोळे उघडे ठेवावेच लागतात, असं मी म्हणायची. भोळे तुम्ही, हे मी गृहीतच धरलं होतं.

गाडी घेतली तेव्हा तुम्ही सरकारी नोकरीत ढोरांचे डॉक्टर होतात. वर्ध्याजवळच्या आपल्या सेलूच्या आजूबाजूची सगळी खेडी तुमच्याकडे, आणि तुमच्याकडे एक स्कूटर. पावसाळ्यात काळ्या मातीत ती स्कूटर तुम्हाला घेऊन आडवी झाली, औषधांची पेटी नाल्यात गेली, तेव्हा मीच म्हटलं की चार चाकांचं काहीतरी बघा. मग सिंदी रेल्वे गावच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठची जुनी गाडी निघाली. आपण दोघं पाहायला गेलो. शेठनं आपल्याला गादीवर बसवलं, चिवडा दिला, मग बर्फी दिली, मग पुन्हा चहा. गाडी धुऊन पुसून दारात उभी. बर्फीचा दुसरा तुकडा आला तेव्हाच माझ्या मनात आलं की या गाडीत काहीतरी आहे. गिऱ्हाइकाला इतकं गोड कोण खाऊ घालतं.

शेठनं किल्ली फिरवून तो दिवा दाखवला. इंजिन सुरू झालं की हा विझला पाहिजे, म्हणाले. विझला म्हणजे आत तेल फिरतं आहे. गाडी चालता चालता कधी लागला, तर एक पाऊल पुढे जायचं नाही, तिथेच थांबायचं, नाहीतर इंजिन जाम होतं. मी त्यांना विचारलं की गाडी एवढी चांगली आहे तर तुम्ही विकता कशाला. नवी घेतली, म्हणाले. मला ते पटलं नाही. तुम्हाला लगेच पटलं.

घरी येताना सेलूच्या अलीकडेच तो दिवा एकदा मिचकला. मी काही बोलायच्या आत तुम्ही गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडलं, तेल मोजायची कांडी काढून रुमालाला पुसली, पुन्हा बुडवली, उन्हात धरून पाहिली. तेल बरोबर होतं. परत येऊन बसलात आणि म्हणालात, "हा दिवा तुह्यावरच गेला. काही नसलं तरी संशय घेते."

मला ते झोंबलं. पण पुढे सगळी वर्षं तो दिवा मला माझ्या बाजूचा वाटत आला, हे खरं.

त्या दिव्याला तुम्ही फार मान दिलात. कितीही घाई असो, लागला की थांबायचं. वर्ध्याहून येताना पवनारच्या अलीकडे तो हमखास लागायचा, बहुधा इंजिन तापायचं म्हणून. मग आपण पुलाच्या आधी झाडाखाली गाडी उभी करायचो आणि ती निवेपर्यंत बसून राहायचो. पिशवीत वर्ध्याच्या बाजारातली संत्री असायची. खाली धाम नदीच्या पाण्यात कोणी म्हैस धूत असलं की तुम्ही वरूनच तिच्या चालीवरून सांगायचात की हिच्या मागच्या डाव्या खुरात दुखणं आहे. मला ती नुसती म्हैस दिसायची. लेकीच्या लग्नाचं आपण तिथेच ठरवलं. तुम्ही बदलीचा अर्ज करणार नाही म्हणून सांगितलंत तेही तिथेच, आणि मी संत्र्याची सालं तुमच्या अंगावर फेकली. आज वाटतं, संसारात आपण धड बोललो ते त्या दिव्याच्या कृपेनेच. घरी तुम्हाला वेळ नसायचा आणि मला धीर नसायचा.

वर्ध्याचे हमीदमिस्त्री म्हणत की दोष तेलाचा नाही, दिव्याला खबर देणारं जे बटण इंजिनाला लावलेलं असतं त्याचा आहे. ते बदललं की झालं. मला मिस्त्रीवर भरवसा नव्हता. गाडी त्यांच्याकडे टाकण्याआधी मी त्या बटणाच्या बुडाला खिळ्याने एक फुली कोरून ठेवली. संध्याकाळी नवीन बटण बसवलं म्हणून त्यांनी सांगितलं, तेव्हा मी बोनेट उघडायला लावलं आणि बोट घालून चाचपलं. फुली होती तिथेच होती. मिस्त्री आधी लाजले, मग हसले, मग खरंच नवीन बटण काढून बसवलं. तुम्ही ही गोष्ट गावोगाव सांगत फिरलात. कोणाच्या गोठ्यात वासराला सुई टोचताना सांगायचात की आमच्या घरात कशालाही हात लावण्याआधी खूण आहे का ते चाचपून पाहावं लागतं.

मग तुम्ही निवृत्त झालात. लोकांचं येणं थांबलं नाही. सरकारी दवाखान्यात नवे डॉक्टर आले होते, पण गाय अडली की बैलगाडी आपल्याच दाराशी यायची. मला ते आवडायचं. नोकरी सुटलेली माणसं ओसरीवर बसून कशी वाळत जातात ते मी पाहिलं होतं. तुम्ही तसे होणार नाही, याचा मला आनंद होता.

त्याच सुमाराला तो प्रकार सुरू झाला. आपण वर्ध्याहून परत येत होतो. नवीन बटण बसल्यापासून दिवा उगाच लागत नव्हता. त्या दिवशी तो पवनारच्या आधीच लागला, मिचकला नाही, सरळ लागून राहिला, आणि तुम्ही गाडी तशीच चालवत राहिलात. मी वाट पाहिली. मग म्हटलं, दिवा लागला आहे. कुठं, म्हणालात. हा काय समोर, मी बोटाने दाखवलं. तुम्ही खाली पाहिलंत आणि म्हणालात, "ऊन पडून राह्यलं काचेवर."

आभाळ भरून आलेलं होतं. ऊन सकाळपासून नव्हतं.

घरी आल्यावर तुम्ही गुपचूप कांडी काढलीत, बोटाने चाचपलीत आणि तेल ओतलंत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. माझ्या डोक्यात तेव्हा काय काय आलं ते आज लिहायला लाज वाटत नाही. मला वाटलं, मिस्त्रीनं तुम्हाला पुन्हा फसवलं आणि तुम्ही ते माझ्यापासून झाकता आहात. मग वाटलं, ही गाडी मुद्दाम खराब करून तुम्हाला दुसरी घ्यायची आहे. एकदा तर असंही वाटलं की माझ्या बोलण्याचा तुम्हाला कंटाळा आला आहे आणि मी जे दाखवीन ते नाही म्हणायचं असं तुम्ही ठरवलं आहे. सगळे संशय घेऊन झाले, फक्त खरा तेवढा सुटला.

पुढच्या महिन्यात गाडी सेलूच्या रस्त्यावर जाम झाली. मी तेव्हा शाळेत होते. तुम्ही एका गावाहून परत येत होतात. शेवटी एका शेतकऱ्यानं बैलजोडी आणली आणि दोरखंड बांधून गाडी ओढत घरापर्यंत आणली. त्या जोडीतल्या एका बैलाचं पोट मागच्या वर्षी फुगलं होतं, तेव्हा तुम्हीच त्याला वाचवलं होतं. सगळं गाव हसत होतं, तुम्हीही हसत होतात. मी शाळेतून आले तेव्हा पाहिलं की तुम्ही हसताना माझ्याकडे पाहत नव्हता.

हमीदमिस्त्रीनं इंजिन उघडलं आणि सांगितलं की तेल पार खाली गेलं होतं, दिवा चांगला मैलभर तरी लागलेला असणार. "साहब, बत्ती नहीं देखी क्या?" त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, लागलीच नाही. मी लगेच मिस्त्रीवर घसरले, की तुमचं बटण पुन्हा नासकं निघालं. मिस्त्रीला माझी फुली आठवत असणार. त्यांनी आत हात घालून किल्ली फिरवली. दिवा लखलखीत लागला. तुम्ही दारातून वाकून त्या काट्यांकडे पाहिलंत. मग मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलंत. आणि मग म्हणालात, हो, आता लागली.

दिवा लागला की नाही ते तुम्ही माझ्या चेहऱ्यावर वाचलंत. ते मला त्याच क्षणी दिसलं, पण मनाने घेतलं नाही. मी गाडीवर, शेठवर, मिस्त्रीवर संशय घेऊ शकत होते. तुमच्या डोळ्यांवर कसा घेणार? अंधाऱ्या गोठ्यात तुम्ही वासराच्या पापणीवरचा गोचीड बोटाने टिपून काढत होतात.

इंजिन नीट झालं आणि तुम्ही पुन्हा निघायला लागलात. मग पवनारच्या पुलाजवळ ते घडलं, म्हणजे घडता घडता राहिलं. एक दूधवाला सायकलला कॅन लटकवून आपल्या पुढे चालला होता, अगदी नाकासमोर, रस्ता सरळ, दिवस उजेडाचा. गाडी त्याच्यावर चालली होती. मी ओरडले. तुम्ही ब्रेक दाबलात, गाडी तिरपी झाली, सायकलवाला मागे वळून शिव्या देत पुढे गेला. "मले दिसला होता," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, हो.

त्या दिवसापासून मला झोप लागेना. तोवर माझं भांडण गाडीचं होतं. आता कोणाचा तरी जीव जाणार, हे मला समोर दिसत होतं. शाळेतल्या माझ्या पोरी त्याच रस्त्याने येतात. पण तुम्हाला तोंडावर विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं. डॉक्टरला दिसत नाही, ही गोष्ट एकदा घराबाहेर गेली की कोण तुम्हाला आपल्या गाईला हात लावू देणार होतं? आणि त्याहून खरं कारण वेगळं आहे. तुम्ही माझ्याशी खोटं बोलत होतात. विचारलं असतं तर तुम्ही आणखी एक खोटं बोलला असता आणि ते मला पाहायचं नव्हतं.

म्हणून मी माझंच काम केलं. एका संध्याकाळी माझी सर्वांत मोठी टिकली काढली, सणासुदीला लावते ती चकचकीत, आणि त्या दिव्याच्या काचेवर मधोमध चिकटवली. परक्या माणसालाही गाडीत बसल्याबरोबर दिसली असती. तुम्हाला दिसली तर तुम्ही हसणार, मला चिडवणार, आणि माझा संशय खोटा ठरणार. मला तो खोटाच ठरायला हवा होता. आयुष्यात पहिल्यांदा मला चूक निघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं तुम्ही फडकं घेऊन गाडी पुसलीत. काच पुसली, स्टिअरिंग पुसलं, काट्यांची पट्टी पुसली. बोलला नाहीत. गाडी घेऊन गेलात, आलात. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. मी रोज संध्याकाळी पाहून येत होते, टिकली जागेवर. रोज सकाळी चहा देताना तुमच्या तोंडाकडे पाहत होते. तुम्ही पेपर हातात धरून बसायचात, पानं उलटायचात. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हल्ली तुम्ही बातमी वाचून दाखवत नाही, मलाच वाचायला सांगता.

मग तो रविवार आला. शेजारच्या गावच्या महादेवरावांची म्हैस व्यायला झाली होती आणि ते तुम्हाला न्यायला आले होते. मीही त्यांच्या बायकोला भेटायला म्हणून निघाले. महादेवराव पुढे तुमच्या शेजारी बसले, मी मागे. फाटकातून गाडी बाहेर निघाली तोच महादेवराव मोठ्याने म्हणाले, "डॉक्टरसाहेब, या दिव्याले टिकली कोनं लावली?"

तुम्ही खाली पाहिलंही नाही. तुमची मान सरळ रस्त्याकडे होती. "आमच्या बाईनं," तुम्ही म्हणालात. "गाडीले कोनाची नजर नको लागाले."

महादेवराव हसले. तुम्हीही हसलात. मी मागे बसून तुमच्या मानेकडे पाहत राहिले. तुम्ही गाडी बैलाच्या चालीने नेलीत, तशीच परत आणलीत. तुम्ही पकडले गेलात हे तुम्हाला कळलं होतं आणि मला कळलं आहे हेही कळलं होतं. घरी आल्यावर तुम्ही किल्ली माझ्या पोळपाटाशेजारी आणून ठेवलीत आणि म्हणालात की उद्यापासून तू गाडी शिक. मी पोळी लाटत विचारलं, काऊन? खांदा दुखून राह्यला, तुम्ही म्हणालात.

खांदा. बरं. मी खांदा कबूल केला आणि दिव्यावरची टिकली काढून टाकली. पुढे तुम्ही लोकांसमोर तो खांदा अधूनमधून दाबून घ्यायचात, मी त्याला तेलही लावून दिलं.

भर बाजाराच्या मैदानात तुम्ही मला गाडी शिकवलीत. बाजार नसलेल्या दिवशी, पण बघे होतेच. शाळेची बाई पदर खोचून गाडी चालवते म्हणून लोक दाराबाहेर येऊन उभे राहायचे. क्लच सोडताना गाडी उडी मारायची आणि तुम्ही शांतपणे सांगायचात की घाई नको, ती कुठे पळून जाऊन नाई राह्यली. मी ज्यांना ज्यांना शिकवलं त्यांच्यावर इतकी चिडले आहे, तुम्ही माझ्यावर एकदाही चिडला नाहीत. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. आता म्हणते. फार चांगलं शिकवलंत.

मग शाळा सुटली की मी तुम्हाला घेऊन निघायची. माझा चष्मा बदलायचा म्हणून एकदा वर्ध्याला नेलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरला हळूच तुमचेही डोळे पाहायला सांगितले. नजरेचं मधलं गेलं आहे, कडेचं राहील, त्याने सांगितलं. औषध नाही. तुम्ही बाहेर येऊन मला विचारलंत की माझ्या चष्म्याचा नंबर किती निघाला. मी सांगितला. गोठ्यात तुमचं काम तसंच चालू राहिलं. एकदा एका गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून, अंगभर घाम, वासराचा पाय शोधत असताना तुम्ही माझ्याकडे मान वळवून म्हणालात, "हे तर कोनालेच दिसत नाई." त्या गोष्टीच्या सर्वांत जवळ तुम्ही आलात ते तेवढंच. वासरू जिवंत निघालं. मी ते पुसून कोरडं केलं.

आणि गाडीत रोज, वाटेत कुठेही, तुम्ही विचारायचात, दिवा? मी म्हणायची, नाई. लागला तर म्हणायची, लागला, आणि थांबायची. मी सांगितलेलं तुम्ही एकदाही तपासलं नाही.

हे सगळं चांगलं होतं. पण माझ्या मनात गाठ होती ती होतीच. तुम्ही मला आपण होऊन सांगितलं नाही. मी सापळा लावला म्हणून सापडलात. नसता लावला तर? तो सायकलवाला वाचला, पुढचा वाचला असता का? तुम्ही आजारी पडलात, अंथरुणाला खिळलात, मी उशाशी बसून होते, तेव्हाही मला हेच विचारायचं होतं. तुमच्या कोरड्या ओठांना पाणी लावत होते आणि मनात हिशेब मागत होते. तुम्ही गेलात आणि प्रश्न माझ्याकडे राहिला.

परवा तेरवीला महादेवराव आले होते. पंगत उठल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "बाई, त्या टिकलीचं मले डॉक्टरनंच सांगतलं होतं."

मला काही समजेना. ते सांगत गेले. त्या रविवारी ते बोलवायला आले तेव्हा मी आत लुगडं बदलत होते. तुम्ही त्यांना गाडीपाशी नेलं आणि म्हणालात की समोर काचेवर एक टिकली असेल, बाई मागे बसली की मोठ्याने विचारजो, कोनं लावली म्हनून. महादेवरावांना वाटलं, नवराबायकोची काही थट्टा चालली असेल. तरी त्यांनी विचारलं की तुम्हीच काऊन नाई विचारत.

"तर म्हनले," महादेवराव म्हणाले, "माह्या तोंडानं निघत नाई."

कोणी तरी मला पाणी आणून दिलं. रोज सकाळी तुम्ही त्या पट्टीवरून फडकं फिरवत होतात आणि टिकली जागची हलत नव्हती, म्हणजे तुम्ही तिच्या कडेकडेने पुसत होतात. पहिल्याच दिवशी बोटांना लागली असणार. कोणी लावली आणि कशासाठी, हे तुमच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळणार होतं? आणि मी, तुमची सीआयडी, ती टिकली निघाली कशी नाही हे एकदाही मनात आणलं नाही. काही दिवस तुम्ही ते तसंच अंगावर वागवलंत. मग एक माणूस शोधलात, त्याच्या तोंडून मला ऐकवलंत, आणि संध्याकाळी किल्ली आणून ठेवलीत. मी तुम्हाला पकडलं नव्हतं. तुम्ही माझ्या हाती लागायला आला होतात.

त्या सायकलवाल्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही. ते दिवस तुम्ही लपवलेत ते लपवलेतच. पण इतकी वर्षं मी त्या जिंकलेल्या डावावर मनातल्या मनात बसून होते, आणि तो डाव तुम्ही मुद्दाम हरला होतात. हे मला तुम्ही जिवंत असताना कळलं असतं तर मी त्या गोठ्यात तुमचा घामेजलेला हात धरला असता.

खरं सांगू? महादेवराव उठून गेले तेव्हा माझ्या मनात आलंच. म्हातारा माणूस, विधवेला बरं वाटावं म्हणून रचून बोलत असेल. टिकली त्यांना तेव्हा दिसली होती, बाकी जुळवायला कितीसं लागतं. त्यांच्या गावी जाऊन त्यांच्या बायकोला आडून विचारता येईल, तिला माहीत असेल तर कळेल. गाडी दारात आहे, रस्ता माहीत आहे.

मी जाणार नाही. ते म्हणाले ते मी खरं धरलं.